उरलेले 40 टक्के कोणाचे?

पत्र: मी सोलापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, सोबत सीए इंटरची तयारी करते. कन्सॉलिडेशनमध्ये, म्हणजे होल्डिंग (ताबा असलेली) कंपनी आणि तिची उपकंपनी यांचे हिशेब एकत्र करताना, होल्डिंगकडे 60 टक्केच शेअर असले तरी उपकंपनीची मालमत्ता 100 टक्के का धरतात? मायनॉरिटी इंटरेस्टचा आकडा माझा दर वेळी चुकतो. बाबा म्हणतात, सोलापुरात जीएसटी नि टॅक्सचंच काम, हे शिकून उपयोग काय? हा भाग ऑप्शनला टाकू का?

उत्तर: टाकू नकोस. इंटरच्या ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगमध्ये एएस 21 (हिशेबाचं एक मानक) म्हणून जे येतं, तेच फायनलच्या फायनान्शियल रिपोर्टिंगमध्ये इंड एएस (मानकांचा दुसरा संच) 110 आणि 103 होऊन परत येतं, आणि तिथे त्याचं वजन चांगलंच असतं.

आधी 100 टक्क्यांचं. एकत्रित ताळेबंद ताबा कोणाचा ते पाहतो. उपकंपनीत 100 माग असतील, तर 60 टक्के मतं असलेला मालक सगळेच्या सगळे माग चालवायचे की विकायचे ते ठरवतो. साठ मागांवर त्याचा हुकूम आणि चाळीस मागांवर दुसऱ्याचा, असं कारखान्यात होत नाही. म्हणून मालमत्ता, देणी, विक्री, खर्च सगळं पूर्ण घ्यायचं आणि त्यातला बाहेरच्यांचा वाटा वेगळ्या ओळीत दाखवायचा. ती ओळ म्हणजे मायनॉरिटी इंटरेस्ट. इंड एएसमध्ये तिला नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट म्हणतात, आणि ते नाव जास्त नेमकं आहे: निम्म्याहून कमी शेअर असूनही ताबा असू शकतो, मग ताबा नसलेले 'मायनॉरिटी' कसे?

आता वहीत हे उदाहरण सोडव. 1 एप्रिलला एका कंपनीने टॉवेल बनवणाऱ्या उपकंपनीचे 60 टक्के शेअर 75 लाखांना घेतले. त्या दिवशी उपकंपनीचं भांडवल 60 लाख, रिझर्व्ह (साठलेला नफा) 30 लाख. जमिनीची किंमत वहीतल्यापेक्षा 10 लाखांनी जास्त. म्हणजे निव्वळ मालमत्ता 100 लाख. (डिफर्ड टॅक्स, म्हणजे पुढे लागणारा कर, इथे बाजूला ठेवला आहे.) बाहेरच्यांचे 40 टक्के म्हणजे 40 लाख. गुडविल, म्हणजे निव्वळ मालमत्तेपेक्षा जादा मोजलेली रक्कम: 75 अधिक 40 वजा 100, बरोबर 15 लाख. इंड एएस 103 दुसरी मुभाही देतं, बाहेरच्यांचा वाटा बाजारभावाने मोजायची. तो 46 लाख निघाला तर गुडविल 21 लाख होतं. कोणती पद्धत घ्यायची ते प्रश्नात दिलेलं असतं, आणि घाईत नेमकी तीच ओळ वाचायची राहते.

पुढे वर्षभरात उपकंपनीला 20 लाख नफा झाला आणि तिने 5 लाख लाभांश दिला. शिवाय 8 लाखांचे टॉवेल तिने होल्डिंगला 10 लाखांना विकले, त्यातला निम्मा माल 31 मार्चला गोदामात पडून. न कमावलेला नफा 1 लाख. विकणारी उपकंपनी असल्यामुळे हा 1 लाख तिच्या नफ्यातून कमी होतो, म्हणून बाहेरच्यांनाही 40 टक्के झळ लागते. पहिल्या पद्धतीने त्यांची शिल्लक: 40 अधिक 8 वजा 2 वजा 0.40, म्हणजे 45.60 लाख. ताळा करून पाहा: 100 अधिक 20 वजा 5 वजा 1 म्हणजे 114, त्याचे 40 टक्के 45.60. हा ताळा रोज कर, पण बाजारभावाच्या पद्धतीत तो असा थेट जुळणार नाही, कारण तिथे गुडविलमध्येही बाहेरच्यांचा वाटा असतो.

उलट होल्डिंगने उपकंपनीला माल विकला असता, तर ती सगळी वजावट होल्डिंगच्या नफ्यातून गेली असती. बहुतेकांचे मार्क इथे जातात. दुसरी चूक तारखेची. 1 ऑक्टोबरला शेअर घेतले तर एप्रिल ते सप्टेंबरचा नफा खरेदीआधीचा. तो खरेदीच्या दिवसाच्या निव्वळ मालमत्तेत जातो. उदाहरणात जमिनीऐवजी यंत्रांची किंमत 10 लाखांनी वाढली असती आणि आयुष्य 5 वर्षं उरलं असतं, तर दर वर्षी 2 लाख जादा घसारा, त्यातले 80 हजार बाहेरच्यांच्या वाट्याला. आणि साखळी: 'अ'कडे 'ब'चे 60 टक्के, 'ब'कडे 'क'चे 70 टक्के. 'क'मध्ये 'अ'चा खरा वाटा 42 टक्केच, बाहेरच्यांचा 58. तरीही ताबा 'अ'चा, म्हणून 'क' पूर्ण धरायची.

बाबांचं म्हणणं निम्मं खरं आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले बरेच कारखाने प्रोप्रायटरी किंवा भागीदारीत चालतात, तिथे हे काम निघत नाही. पण कंपनीला उपकंपनी असली की कंपनी कायदा 2013च्या कलम 129(3)नुसार एकत्रित हिशेब लागतात, आणि ते काम पुण्या-मुंबईच्या ऑडिट फर्ममध्ये आणि मोठ्या समूहांच्या रिपोर्टिंग विभागांत असतं. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या फर्ममधली उमेदवारी, आता 2 वर्षांचीच आहे. रुजू होण्याआधी फर्मला सरळ विचार: उपकंपन्या असलेल्या किती कंपन्यांचं ऑडिट तुमच्याकडे आहे, आणि आर्टिकलला कन्सॉलिडेशनच्या शीटवर बसवता का? उत्तर गोलमोल आलं तर दुसरी फर्म बघ. तिथे एक्सेल पक्कं लागेल, कारण वीस कंपन्यांचे ताळेबंद एका शीटमध्ये जुळवायचे असतात.

जवळचं उदाहरण हवं असेल तर होटगीचा सिमेंट कारखाना घे. तो अल्ट्राटेकचा. अल्ट्राटेकचे निम्म्याहून जास्त शेअर ग्रासिमकडे आहेत, सगळे नाहीत. ग्रासिमचा वार्षिक अहवाल फुकट उतरवून घेता येतो. त्यात एकत्रित ताळेबंदात 'नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट'ची ओळ शोध, मग नफा कोणाकोणात वाटला ते बघ, आणि शेवटी फॉर्म एओसी-1मध्ये उपकंपन्यांची यादी वाच. एक दुपार पुरेल.

एक गोष्ट मात्र आत्ताच वेगळ्या पानावर लिहून ठेव. उपकंपनीचा तोटा बाहेरच्यांच्या शिलकीपेक्षा मोठा झाला, तर एएस 21मध्ये जादा तोटा होल्डिंगच्या माथी जातो, बाहेरच्यांनी तो भरून द्यायचं बंधन घेतलं असेल तरच अपवाद. इंड एएस 110मध्ये त्यांची शिल्लक उणे होऊ द्यायची. इंटरची सवय फायनलच्या पेपरात इथेच आडवी येते.