बाळाचं वय कुठून मोजायचं?

"नऊ महिन्यांचा झाला, अजून बसत नाही. मेंदूत काही दोष असेल का हो मॅडम?" खुर्चीत नीट टेकण्याआधीच तिने विचारलं. मुलगा खांद्याशी घट्ट धरलेला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तिने मोबाइल पुढे केला. त्यात दोन रकाने होते: एकात हा, दुसऱ्यात जावेची मुलगी. दोघं एकाच आठवड्यात जन्मलेली, एकाच घरात वाढणारी. मान धरली, पालथी झाली, बसली, रांगली. मुलीच्या रकान्यात सगळीकडे खुणा होत्या. मुलाच्या रकान्यात बहुतेक जागा कोऱ्या.

मी विचारलं, "दिवस पूर्ण भरले होते?"

"नाही. बत्तिसाव्या आठवड्यातच झाला." काचेच्या पेटीतले ते दिवस आठवून तिचा आवाज बारीक झाला. पण त्या दिवसांचा या यादीशी काही संबंध असेल, हे तिच्या मनात आलंच नव्हतं.

चाळीस आठवडे धरले, तर हे मूल आठ आठवडे आधी आलं. अशा मुलाचा विकास पाहताना जन्मतारखेपासून नाही, अपेक्षित तारखेपासून वय मोजतात. डॉक्टर त्याला 'करेक्टेड एज' म्हणतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत तेच धरतात. म्हणजे बसणं-रांगणं बघायचं असेल, तर हा मुलगा सात महिन्यांचा होता. पोटातली दोन महिन्यांची वाढ त्याने बाहेर येऊन पूर्ण केली होती. कोऱ्या जागांचं मोठं कारण हे होतं.

शिवाय पूर्ण दिवसांची मुलंही एका वेळापत्रकाने वाढत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली निष्कर्ष मांडले. आधाराशिवाय बसण्याचा काळ त्यात सुमारे ३.८ ते ९.२ महिने निघाला आणि एकट्याने चालण्याचा सुमारे ८.२ ते १७.६ महिने. जवळपास ४ टक्के मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. हे आकडे मी पालकांना नेहमी सांगते, कारण 'अमक्या महिन्याला अमुक' हे वाक्य घरोघरी फार छळतं.

मग मी चादर अंथरली आणि त्याला खाली ठेवायला सांगितलं. ती थबकली. "खाली?"

तिथे मला दुसरी गोष्ट उमगली. नऊ महिन्यांत हे मूल जमिनीवर फारसं आलंच नव्हतं. मांडी, खांदा, नाहीतर उशांचा आधार. एवढासा जीव हातून निसटता निसटता वाचला, त्याला खाली ठेवायचा तिला धीरच होत नव्हता. यात तिला दोष कसा द्यायचा? पण मान, पाठ आणि खांदे बळकट होतात ते पालथं पडून, कुशीवर वळून, पुढच्या वस्तूसाठी धडपडून.

चादरीवर त्याने खुळखुळा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. दोन्ही हात सारखे वापरले. आईचा आवाज आला तशी मान वळवली. बसवल्यावर दोन्ही हात पुढे टेकून काही क्षण तग धरला आणि कलंडला. सात महिन्यांच्या मानाने हे मला ठीक वाटलं.

तरी निर्वाळा देणं माझं काम नाही. वजन चांगलं भरतंय म्हणून चौथ्या महिन्यानंतर तिने तपासण्या सोडल्या होत्या. लवकर जन्मलेल्या मुलाचे डोळे, कान आणि विकास नियमित पाहायला हवेत. मी तिला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. थांबू नये अशी लक्षणंही सांगितली: अंग फार ताठ किंवा अगदी ढिलं असणं, आवाजाला प्रतिसाद नसणं, वर्षाच्या आत एकच हात वापरणं, येत असलेली गोष्ट येईनाशी होणं. करेक्टेड वयाच्या नऊ महिन्यांनाही बसला नाही, तरी दाखवायचंच.

"वॉकर आणू?" तिने विचारलं. मी स्पष्ट नाही म्हटलं. वॉकरने चालणं लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. कॅनडाने २००४ साली त्यावर बंदीच घातली. त्यापेक्षा बाळ जागं असताना, कुणी समोर बसून, दिवसातून अनेकदा काही मिनिटं पालथं ठेवा. आणि यादी ठेवायचीच असेल तर एकाच रकान्याची ठेवा: या आठवड्यात यानं नवीन काय केलं.

सहा आठवड्यांनी ती परत आली. डॉक्टरांनी डोक्याचा घेर आणि वजन करेक्टेड वयाच्या तक्त्यावर पाहिलं होतं, काळजीचं काही निघालं नव्हतं. पुढच्या तपासणीची तारीखही तिने घेतली होती. तिने आपणहून मुलाला चादरीवर बसवलं. तो बसून राहिला, खुळखुळ्याकडे झेपावताना कलंडला आणि चिडून ओरडला.

"जावेची मुलगी आता धरून चालते," ती म्हणाली, आणि त्याच दमात पुढे, "आणि यानं परवा चादरीखाली लपवलेला चमचा शोधून काढला. मी तीनदा लपवला, तीनदा काढला."

चमच्याची नोंद तारखेसकट त्या एका रकान्यात होती.