काँट्रॅक्ट म्हणलं की पोटात गोळा येतो, मॅडम

गेल्या तीन-चार वर्षांत माझ्याकडं समुपदेशनाला येणाऱ्या आईवडलांचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे. "मॅडम, लेकरू एका जागी टिकत नाही." जालन्याचे असोत, गंगापूरचे असोत नाहीतर इथले संभाजीनगरच्या सिडकोतले असोत, शब्द इकडंतिकडं, गाणं तेच. मागच्या आठवड्यात तीन घरं येऊन गेली आणि तिसऱ्यांना जे सांगितलं ते आता लिहूनच टाकावं म्हणलं, दरवेळी घसा कोरडा करायला नको. त्यासाठी एक केस सांगते. घरच्यांना विचारलंय, ओळखू येईल असं सगळं बदललंय, आणि सात-आठ भेटींमधलं कामाचं तेवढंच घेतलंय.

वडील वाळूजला कंपनीत फिटर, राहायला बजाजनगरात, मूळचे अंबड तालुक्यातले. पोरगी २५ वर्षांची, इंजिनिअर, पुण्यात आयटीत. अडीच वर्षांत दुसरी कंपनी चालू होती आणि ती सोडून तिसरीकडं निघालेली, आणि तिसरीकडं म्हणजे कशी तर एका वर्षाच्या काँट्रॅक्टवर. तिथंच बिनसलं. वडील घरात बोलेनात, आईनं फोन करून सांगितलं की पप्पाची शुगर वाढली, पोरगी शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आली आणि शनिवारी सकाळी सगळे माझ्यासमोर. सगळे म्हणजे आबा पण, पोरीचे आजोबा. पंच्याहत्तरीकडं आलेले, धोतर-टोपी, आत आल्या आल्या आधी तो एसी बंद करा म्हणले.

"पर्मनंट सोडून काँट्रॅक्टवर कोणी जातंय का मॅडम? उद्या पाहुणे विचारतील पोरगी काय करती, काय सांगू मी?"

"पप्पा, पर्मनंट म्हणजे काय असतं ओ? आमच्या टीममधल्या चौघांना मागच्या महिन्यात अर्ध्या तासाच्या मीटिंगमध्ये काढलं. चौघं पर्मनंटच होते."

"मग सरकारी बघ ना बाई." हे आबा.

इथं माझी चूक झाली. मला पोरीचं पटत होतं आणि मी लगेच जमाना बदललाय वर भाषण सुरू केलं, चांगलं पंधरा मिनिटं. वडील मान डोलवत राहिले. समोरचा नुसती मान डोलवायला लागला की समजायचं, त्यानं आतून कडी लावून घेतली, इतकी वर्षं हे काम करून मला तरी हे कळायला पाहिजे होतं. त्या दिवशी ते गेले तसेच गेले, परत येतील का नाही असं वाटलं.

आले पण. जाताना मी एक काम दिलं होतं. "काँट्रॅक्ट हा शब्द ऐकला की डोळ्यापुढं काय येतं ते प्रत्येकानं घेऊन या, वस्तू असली तर वस्तू आणा." असलं काही दिलं की लोक हसतात, हे पण हसले होते. पुढच्या वेळी वडील एक रेक्झिनची बॅग घेऊन आले, चेन तुटलेली, सुतळीनं बांधलेली. त्यांनी ती टेबलावर सोडली आणि आतनं गेटपास काढले. एकावर एक ठेवत गेले. बरेचसे पिवळे, लॅमिनेशनचे कोपरे सुटलेले, प्रत्येकावर वेगळा नंबर आणि तोच चेहरा, फक्त मिशी कमीजास्त. एकच निळा. पिवळा म्हणजे ठेकेदाराचा माणूस, निळा म्हणजे कंपनीचा. १९९४ ला आयटीआय करून वाळूजला आले आणि निळा मिळायला २००१ उजाडलं. सात वर्षं. सात महिने काम, मग ब्रेक, पंधरा दिवस घरी, मग शेजारच्या कंपनीत नवीन नंबर. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराचा हक्क तयार होतो, नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय काढता येत नाही, म्हणून दिवस भरायच्या आत ब्रेक. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना हे मी सांगायची गरज नाही.

पोरगी एकेक कार्ड उचलून तारखा वाचत होती. एका कार्डावर थांबली.

"पप्पा, मी झाले तेव्हा तुम्ही ब्रेकवर होता?"

"होतो ना. दवाखान्याचं आबांनी भरलं."

"अठराशे रुपये," आबा म्हणले. पंचवीस वर्षांपूर्वीचा आकडा, पण एका सेकंदात.

त्यानंतर बराच वेळ कुणीच बोललं नाही. मी पण नाही. लोकांना वाटतं समुपदेशक बोलायचे पैसे घेतो. खरं तर गप्प बसायचं शिकायलाच मला जास्त वर्षं लागली, आणि त्या दिवशीची ती शांतता मी मोडली नाही याचं मला अजून बरं वाटतं. कारण ती मोडली आबांनी. ७२ च्या दुष्काळाचं सांगायला लागले. विशीतलं वय, वावरात काही नाही, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची, मुकादम हजेरी मांडेल तेवढाच दिवस खरा, दुपारी सुकडी. पुढं बांधकाम खात्यात रोडवर मैलकुली म्हणून लागले, ते पण रोजंदारीवरच. "पाच वर्षं भरली अन् कालेलकर लागलं," म्हणले, "तवा हिच्या आजीनं पुरणपोळ्या केल्या, सण नव्हता का काही नव्हतं." पोरीला कालेलकर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. कालेलकर करारामुळं रोजंदारीवरचा माणूस पाच वर्षांनी कायमसारखा व्हायचा, हे तिला वडलांनी समजावून सांगितलं. बापलेकीचं नोकरीवर न भांडता झालेलं ते पहिलं बोलणं असावं.

मग तिची पाळी. तिनं फोनमधली एक यादी दाखवली, नवीन ठिकाणी इंटरव्ह्यूला ती काय काय विचारते त्याची. सुट्टी मागितली तर मॅनेजर कारण विचारतो का. रात्री दहानंतर मेसेज येतात का. उशीर झाला तर बाईला घरी सोडायला गाडी आहे का. आधीच्या मुलीनं का सोडलं. शिवाय नेटवर त्या कंपनीचे रिव्ह्यू वाचून ठेवलेले. आधीच्या कंपनीत अमेरिकेच्या वेळेप्रमाणं काम चालायचं, आठ महिने पहाटे तीनला झोपून तिची मासिक पाळी बिघडली होती आणि हे तिनं घरी सांगितलेलं नव्हतं. काँट्रॅक्टवाल्या ठिकाणी काम दिवसाचं, पैसे जास्त, शिकायला मिळणारं काम आणि टीम लीड एक सरळ बाई.

वडलांनी यादी दोनदा वाचली. म्हणले, "हे सगळं आधीच विचारती तू?"

"मग काय, जॉईन झाल्यावर विचारू?"

ते जरा हसले. "मी बी विचारायचो. कंपनीत नाही, गेटवरच्या टपरीवर. दोन दिवस चहा प्यायचा अन् सुट्टीच्या टायमाला बघायचं, लोकं कोणत्या तोंडानं बाहेर येतात. सुपरवायझर कसाय ते चहावाल्याला बरोबर माहीत असतं."

माझ्यासाठी ही केस तिथं सुटली. टपरी आणि रिव्ह्यू. माणूस तेच शोधत होता, बघायची जागा बदलली.

आता थोडं माझं. हल्ली जो तो मिलेनियल, जेन झी करतो, १९९७ नंतर जन्मला की असा वागणार वगैरे. ते साहेब लोकांच्या प्रेझेंटेशनला ठीक आहे. आपल्याकडं पिढ्या जन्मसालावर मोजूच नयेत, दुष्काळावर मोजाव्यात असं मला वाटतं. आबा ७२ चे. ही पोरगी २०१२-१३ ची, जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या तेव्हा ती बारा वर्षांची, मामाची बाग तोडताना तिनं बघितलेली. इतक्या घरांचं ऐकून माझं मत असं झालंय की चांगली कंपनी कुठली हे आपण पगारावरनं ठरवतो असं नुसतं वाटतं, आतून आपण आपल्या घरात जवळनं बघितलेल्या त्रासापासून पळत असतो. आबांनी मुकादम बघितला, त्यांना सरकार पाहिजे. वडलांनी ब्रेक बघितला, त्यांना निळा पास पाहिजे. पोरीनं बापाला एकाच गेटातनं पंचवीस वर्षं आत-बाहेर करताना बघितलं आणि पर्मनंट लोकांना पण निघताना बघितलं, तिला हातात काम पाहिजे, जे कुठंही विकता येईल.

आणि हे सरळ रेषेत पुढं जातं असं पण नाही. तिचा धाकटा भाऊ, विशीतला, औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत बसून पोलीस भरती आणि एमपीएससी करतोय. मी विचारलं का रे, तर म्हणला, "दीदीला रात्री दोनला लॅपटॉपवर रडताना बघितलंय मी." म्हणजे नातू फिरून आजोबांच्या दारात. फक्त ते दार पण आता तसं राहिलं नाही, १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना आबांसारखी जुनी पेन्शन नाही, त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. आबांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना, माझ्याकडंच संशयानं बघितलं.

माझी कामाची पद्धत थोडी शब्द पकडायची आहे, गुरुजनांनी तसंच शिकवलंय. पर्मनंट पाहिजे म्हणणं वेगळं आणि पर्मनंटच पाहिजे म्हणणं वेगळं. पहिली इच्छा आहे, पुरी नाही झाली तर वाईट वाटतं, माणूस दुसरं बघतो. दुसऱ्यात तो जो च आहे ना, तो शुगर वाढवतो. पोरीकडं पण च होताच, "मॅनेजर चांगलाच पाहिजे", असा जगात प्रत्येक ठिकाणी मिळत नसतो हे तिला मी दोन भेटीत सांगितलं आणि ते तिला बापापेक्षा जड गेलं. पहिल्या नोकरीतनं ती ज्या कारणानं निघाली ते कारण म्हणजे एकदा चारचौघांत झालेला अपमान, एवढंच होतं, हे तिनंच शेवटी कबूल केलं.

म्हणून आईवडलांना मी काय सांगते तर, टिकत का नाहीस हा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर नसतं, भांडण असतं. आधीच्या ठिकाणी काय शिकलीस आणि पुढच्या ठिकाणी काय शिकणार, एवढं विचारा. दोन्हीला नीट उत्तर आलं तर लेकरू पुढं चाललंय. पहिल्याला उत्तर नाही आणि दुसऱ्याला नुसतं "इथं नको" असेल तर ते पळतंय, मग बसून बोला, पण तेव्हा पण पाहुण्यांचं नाव काढू नका.

आणि पोरांनो, काँट्रॅक्ट घ्यायचा तर घ्या पण कागद वाचा. पगार कोण देणार, ज्याच्या ऑफिसात बसणार तो का मधला ठेकेदार. पीएफ कापतात का. मेडिकल इन्शुरन्स आहे का, त्यात आईवडील बसतात का. नोटीस दोन्ही बाजूंनी सारखी आहे का. कंपनी बदलली की पीएफ काढून मोबाईल घेऊ नका, ट्रान्स्फर करा, कारण पीएफमधल्या पेन्शनला १० वर्षं लागतात ती सगळ्या नोकऱ्या मिळून मोजतात, एकाच कंपनीतली नाही. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या रकमेसाठी, पर्मनंट माणसाला एकाच ठिकाणी ५ वर्षं लागतात, साडेचार वर्षांला रागारागात राजीनामा टाकणारे मी बघितलेत. सहा महिन्याचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय तर काँट्रॅक्टला हातच लावू नका, हे माझं नाही, त्या फिटर वडलांचं. ब्रेकच्या पंधरा दिवसांत काय होतं ते त्यांना माहीत आहे. त्यांनी पोरीकडं अट म्हणून एवढंच मागितलं आणि तिनं ते मान्य केलं.

ती जॉईन झाली. दोनेक महिन्यांनी वडलांचा फोन आला, मला वाटलं काहीतरी बिनसलं. तर म्हणले, "मॅडम, पोरीनं मला ते रिव्ह्यू बघायचं शिकवलं. आमच्या कंपनीचं बी लिहिलंय कुणीतरी."

"काय लिहिलंय?"

"कँटीनची दाळ पातळ असती म्हणून." जरा थांबले. "खरं लिहिलंय बगा."