ग्रुपमध्ये सायकल चालवताना वेग कसा सांभाळायचा?

तुम्ही म्हणता, रांगेत आळीपाळीने पुढे राहून वारा झेलायची तुमची पाळी आली की मागून "हळू, हळू" अशी ओरड होते आणि मागे गेलात की तासाभरात तुमचाच दम निघतो. दोन्हीचं मूळ एकच. पुढे आल्यावर तुम्ही वेग वाढवताय.

माझंही तेच व्हायचं. पुढचा बाजूला झाला, समोर मोकळा रस्ता दिसला की पाय आपोआप जोरात फिरायचे आणि ताशी २७ किलोमीटरचे ३१ कधी झाले ते कळायचंही नाही. पण नेमका त्याच वेळी आत्तापर्यंत पुढे वारा झेलून दमलेला भिडू मागे सरकत रांगेतलं शेवटचं चाक गाठायच्या धडपडीत असतो. तुम्ही तेव्हाच जोर केलात की तो सुटतो. मग ओरडा होणारच.

म्हणून पाळी यायच्या आधीच वेगाचं मीटर बघून ठेवा आणि पुढे गेल्यावर तोच आकडा धरा. अंगात रग जास्त असेल तर जास्त वेळ पुढे राहा, जास्त वेगाने नको. दमला असाल तर अर्ध्या मिनिटात बाजूला व्हा, कोणी हसत नाही. (हसलं तर ग्रुप बदला.) चढावर आणि समोरच्या वाऱ्यात मात्र मीटर विसरायचं. तिथे श्वास एकसारखा ठेवा, वेग उतरला तर उतरू द्या.

हवेचा हिशेब क्रूर असतो. वेग दुप्पट केला तर नुसती हवा कापायला आठपट शक्ती लागते. उलट पुढच्याच्या आडोशाला नीट राहिलात तर साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. मागे राहूनही दम निघत असेल तर एक तर अंतर फार सुटतंय, नाहीतर पुढे असतानाच सगळं जाळून बसलाय.

जवळ राहा, पण आपलं पुढचं चाक पुढच्या भिडूच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसू देऊ नका. तो खड्डा चुकवायला वीतभर जरी सरकला आणि चाकं घासली, तरी तो बहुतेक वेळा सावरतो, पडतो मागचा. माझ्या कोपराला त्याची खूण आहे. नजर त्याच्या चाकावर खिळवू नका, खांद्यावरून पुढे बघा. चढावर उभं राहण्याआधी एक जड गिअर टाका, नाहीतर उठताना पॅडलवरचा दाब सुटतो आणि सायकल मागच्याच्या अंगावर जाते.

खड्डा हाताने दाखवणं, अचानक ब्रेक न मारणं हे पहिल्याच दिवशी कोणीतरी शिकवतं. जे कोणी शिकवत नाही ते असं: चढाच्या माथ्यावर सगळे थांबतात, शेवटचा धापा टाकत पोचतो आणि त्याला बघताच बाकीचे "चला" म्हणून निघतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. त्याने पाणी पिऊन बाटली जागेवर खोचली की मगच निघायचं.