टर्मिनलची जागा रस्त्याकडून तपासा

प्रश्न : आमचं गाव भिवंडी तालुक्यात, दिवा–वसई रेल्वेमार्गाला लागून आहे. रुळालगतच्या भातखाचरांवर कंटेनर टर्मिनल उभारायचं घाटत आहे. कंपनीची माणसं म्हणतात, माल रेल्वेने जाईल, तुमच्याकडचे ट्रक कमी होतील. गोदामांच्या गाड्यांमुळे शाळेच्या वेळी मुलांना रस्ता ओलांडणं आताच कठीण झालंय. ग्रामसभेत नेमकं काय विचारू?
— ग्रामपंचायत सदस्या

उत्तर : ताई, त्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. ट्रक कमी होतील ते अहमदाबाद-दिल्लीच्या महामार्गावर. तुमच्या गावात वाढतील. कंटेनरच्या एका रेकला, म्हणजे एका अख्ख्या मालगाडीला, साधारण 45 वाघिणी असतात, त्यांवर वीस फुटी 90 कंटेनर बसतात. रेक रिकामा करताना 90 आणि भरताना पुन्हा 90 कंटेनर, सगळे रस्त्यानेच ये-जा करणार. चाळीस फुटी असतील तर आकडा निम्मा, पण मग प्रत्येक वळणावर लांब ट्रेलर. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : दिवसाला किती रेक येणार, आणि त्यांचे ट्रेलर कोणत्या रस्त्याने, किती वाजता जाणार?

माझी सगळी नोकरी मालवाहतुकीच्या कामात झाली. अशी जागा बघायला गेलं की दाखवणारे आधी रूळ दाखवतात. मी आधी टर्मिनलच्या नियोजित फाटकापासून महामार्गापर्यंत पायी चालतो. शाळा, बाजार, अरुंद पूल, सगळं त्या वाटेवर कळतं. ही वाट गावातून जात असेल तर टर्मिनलआधी वेगळा रस्ता बांधून मागा, नंतरचं आश्वासन घेऊ नका. ठाणे-मुंबईत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. ती उठली की सगळे ट्रेलर एकदम सुटतात आणि टर्मिनलवर एकदम पोचतात. ते आवारात उभे राहणार की तुमच्या दारात? आतला वाहनतळ, चालकांसाठी संडास, पाणी, जेवणाची सोय हे सगळं नकाशावर दिसलं पाहिजे. रात्रभर रस्त्यावर ताटकळणाऱ्या चालकाचे हाल मी फार जवळून पाहिले आहेत.

रेल्वेच्या बाजूचं थोडक्यात सांगतो. इंजिनासह रेक जवळपास 700 मीटर लांब. तेवढी सरळ, सपाट मार्गिका हवी. यार्डातला चढ जास्तीत जास्त 400 मीटरला एक मीटर. कंटेनर वरून उचलायचा असल्यामुळे त्या मार्गिकेवर 25,000 व्होल्टची तार चालत नाही, म्हणून रेक बहुधा डिझेल इंजिनाने आत ढकलावा लागतो. जागा आखूड असली तर रेक तोडून दोनदा आत घ्यावा लागतो आणि तोवर जवळचं रेल्वे फाटक बंद. लोकलच्या गर्दीच्या वेळी मुंबईच्या उपनगरी रुळांवर मालगाडीला वाट मिळणं अवघड, त्यामुळे ते रूळ टाळून जाणाऱ्या दिवा–वसई मार्गावर आधीच मालगाड्यांचा मोठा भार आहे. संपूर्ण गाडी मुख्य मार्ग मोकळा करून आत जाईल ना, हे लेखी घ्या.

भातखाचरांवर भराव पडणार, हे मला सर्वांत काळजीचं वाटतं. 27 जुलै 2019 ला उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर–वांगणीदरम्यान अडकली होती, हे तुम्हाला आठवत असेल. तुमचा मार्गही त्याच नदीच्या खोऱ्यातला. पाऊण किलोमीटर लांबीचा उंच भराव झाला की शेतातलं पाणी कुठे जाणार? पुराची पातळी, मोऱ्यांची संख्या आणि नाल्याची दिशा दाखवणारा आराखडा बघितल्याशिवाय ठराव करू नका.

तरीही अशा टर्मिनलला माझा विरोध नाही. मुंबईच्या जकातीबाहेर म्हणून भिवंडीत गोदामं वाढली. 2017 मध्ये जकात गेली, गोदामं राहिली. गोदामांजवळ टर्मिनल असणं योग्यच. मात्र कंटेनर दोनदा उचलायचा आणि दोन्ही टोकांना ट्रेलर लावायचा, हा खर्च अंतर कितीही असो, सुटत नाही. दिल्लीच्या मालावर तो भरून निघतो. न्हावा-शेवा बंदर तुमच्यापासून रस्त्याने साठेक किलोमीटर. तेवढ्यासाठी रेल्वे क्वचितच परवडते. म्हणून माल कुठला आणि जाणार कुठे, हे विचारा. उत्तरात फक्त न्हावा-शेवा आलं, तर रेल्वेच्या नावाने आणखी एक ट्रकचा अड्डा तुमच्या गळ्यात पडण्याची शक्यता मोठी.

प्रश्न : न्हावा-शेवाचा माल उचलणारे माझे दोन ट्रेलर आहेत. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग बंदरापर्यंत जोडला गेल्यावर आमचं काय?
— ट्रेलरमालक, कळंबोली

उत्तर : दादा, दादरी ते न्हावा-शेवा हा मार्ग सुमारे 1,500 किलोमीटरचा आहे आणि त्यावर एकावर एक असे दोन कंटेनर नेता येतात. उत्तरेकडचं लांबचं भाडं त्याच्याकडे जाईल, असंच समजून चाला. टर्मिनल ते गोदाम हे काम राहील, काही ठिकाणी वाढेलही. त्यात कमाई फेऱ्यांवर असते, म्हणून थांबण्याने नुकसान होतं. दिवसात तीन फेऱ्या धरल्या आणि फाटकावरच दुपार झाली, तर हप्ता कुठून भरणार? करारात किती तासांनंतर थांबण्याचं भाडं लागू होईल ते लिहून घ्या आणि फाटकात शिरल्याची वेळ टाकलेली पावती प्रत्येक फेरीला मागून ठेवा.