कंपनीचे ३,६०० डॉलर की एजंटचा ‘झिरो प्रीमियम’?

प्रश्न: मी ६७ वर्षांचा, पत्नी ६६ची. न्यू जर्सीत एडिसनला राहतो. एका औषध कंपनीतून ३१ मार्चला निवृत्त झालो आणि १ एप्रिलपासून दोघांचाही पार्ट बी (६५ नंतरच्या सरकारी आरोग्य विम्याचा, म्हणजे मेडिकेअरचा, डॉक्टरी उपचारांचा भाग) सुरू झाला. सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, ७०व्या वर्षी घेणार, त्यामुळे पार्ट बीचं बिल घरी आलं : माणशी महिना २८४.१० डॉलर, तीन महिन्यांचे ८५२.३०. कंपनी दरवर्षी माझ्या एचआरए खात्यात (आरोग्यखर्च परत देण्यासाठीचं कंपनीचं खातं) २,४०० आणि पत्नीसाठी १,२०० डॉलर टाकणार आहे. अट अशी की मेडिकेअरच्या जोडीचा प्लॅन त्यांच्या मार्केटप्लेसमधूनच (कंपनीने ठरवलेली विमा विकणारी संस्था) ३१ मेपर्यंत घ्यायचा. तारीख चुकली की हक्क कायमचा गेला. तिथे मेडिगॅपचा (मेडिकेअरने न दिलेला खर्च भरणारा जोडविमा) ‘प्लॅन जी’ माणशी महिना १९० डॉलर आणि पार्ट डी (औषधांचा विमा) ३५ डॉलर सांगताहेत. दुसरीकडे ओळखीतला एजंट झिरो प्रीमियमचा ॲडव्हान्टेज प्लॅन (मेडिकेअरच खासगी विमा कंपनीमार्फत) देतोय, वर पार्ट बीपैकी माणशी महिना ६० डॉलर परत. नोव्हेंबर ते मार्च आम्ही पुण्यात असतो, मग पार्ट बीच बंद केला तर? मेहुणा न्यूयॉर्क शहराच्या नोकरीतून निवृत्त झाला, त्याला पार्ट बीचे सगळे पैसे परत मिळतात. मलाच का नाही? मला मधुमेह आहे, २०२१ मध्ये एक स्टेंट बसला. एचएसएमध्ये, म्हणजे आरोग्यखर्चासाठीच्या माझ्या करमुक्त बचत खात्यात, ३१,००० डॉलर आहेत.

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पत्रात मला सगळ्यात आधी दिसला तो २८४.१० हा आकडा, कारण तो मुळात तुमचा नाहीच. २०२६ चा पार्ट बीचा साधा हप्ता २०२.९० डॉलर आहे. वरचे ८१.२० हा इर्मा, म्हणजे जास्त उत्पन्नावरचा अधिभार. सोशल सिक्युरिटीचं खातं त्यासाठी दोन वर्षांपूर्वीचं टॅक्स रिटर्न बघतं. २०२४ मध्ये तुम्ही पूर्ण पगारावर होता आणि जोडप्याच्या २,१८,००० डॉलरच्या मर्यादेपुढे गेला होता. आता पगार थांबला. निवृत्ती हे आयुष्यातल्या बदलाचं मान्य कारण आहे, त्यासाठी एसएसए-४४ नावाचा फॉर्म असतो. कंपनीचं निवृत्तीचं पत्र जोडा, २०२६ चं अंदाजे उत्पन्न लिहा. वहिनींचाही वेगळा भरा. पार्ट डी घेतलात की त्यावरही माणशी महिना १४.५० इर्मा लागेल, तोही याच फॉर्मने जातो. दोघांचं मिळून पूर्ण वर्षाचं हे जवळजवळ २,३०० डॉलर होतात. कंपनी देतेय ३,६००, त्याची चर्चा घरात महिनाभर चालली असेल. हे २,३०० मात्र कुणी मोजलेच नाहीत.

पुढच्या वर्षी हाच प्रकार पुन्हा होईल, कारण २०२७ साठी २०२५ चं उत्पन्न बघितलं जाईल आणि तेव्हाही तुम्ही नोकरीत होतात. फॉर्मवर पुढच्या वर्षाचा अंदाज लिहायलाही जागा आहे, ती रिकामी सोडू नका. पुण्यातला एखादा फ्लॅट विकायचा विचार असेल तर आधी सीएंशी आणि इथल्या सीपीएशी बोला. भारतातला भांडवली नफाही इथल्या रिटर्नमध्ये येतो, आणि घर विकणं हे काही या फॉर्मवरचं मान्य कारण नाही.

आता मूळ प्रश्न. तुम्ही दोन निर्णय एकाच पिशवीत भरलेत. एक, प्लॅन कोणत्या दारातून घ्यायचा : कंपनीच्या की एजंटच्या. दुसरा, प्लॅन कोणत्या जातीचा : मेडिगॅप की ॲडव्हान्टेज. एजंटच्या बोलण्यात हे दोन्ही एक होतात, कारण त्याच्याकडे दार एकच आहे.

दाराचा हिशेब दोन ओळींत संपतो. एजंटकडे परत मिळणार दोघांचे मिळून वर्षाला १,४४० डॉलर. कंपनीच्या मार्केटप्लेसमध्येही झिरो प्रीमियमचे ॲडव्हान्टेज प्लॅन असतात. तिथून तसाच एखादा घेतलात तर ३,६०० डॉलर एचआरएमधून पार्ट बीकडे वळवता येतात. म्हणजे तुम्हाला ॲडव्हान्टेजच हवा असला तरी एजंटचं दार २,१६० डॉलरनी महाग पडतं. एजंट वाईट माणूस असेल असं मी म्हणत नाही, त्याला तुमच्या एचआरएची अट बहुधा माहीतही नसेल. पण त्याच्या फॉर्मवर सही केलीत तर ३१ मेनंतर कंपनीचं दार बंद, आणि ते पुन्हा उघडत नाही हे तुम्हीच लिहिलंय.

दुसरा निर्णय अवघड. मेडिगॅप प्लॅन जी आणि पार्ट डी मिळून माणशी महिना २२५, दोघांचे वर्षाला ५,४०० डॉलर. त्यातून कंपनीचे ३,६०० वजा केले तर तुमच्या खिशातून १,८०० जातात. एजंटच्या प्लॅनमध्ये १,४४० हाती येतात. दोन्हींतलं अंतर ३,२४० डॉलर, म्हणजे माणशी महिना १३५. एवढे पैसे देऊन काय मिळतं?

प्लॅन जीमध्ये मेडिकेअर मान्य करणाऱ्या उपचारांवर तुमचा खर्च साधारण पार्ट बीच्या डिडक्टिबलपुरता, म्हणजे विमा लागू होण्याआधी वर्षाला स्वतः भरायच्या रकमेपुरता असतो, यंदा तो २८३ डॉलर आहे. ॲडव्हान्टेजमध्ये प्रत्येक वेळी को-पे, म्हणजे उपचारातला तुमचा वाटा, आणि नेटवर्कमधल्या (प्लॅनने ठरवलेले डॉक्टर आणि रुग्णालयं) खर्चाची वार्षिक कमाल मर्यादा कायद्याने २०२६ मध्ये ९,२५० डॉलरपर्यंत असू शकते. तुमच्या एजंटच्या प्लॅनची मर्यादा किती ते पत्रात नाही. विचारा, आणि तो ‘त्याची वेळ येत नाही हो’ म्हणाला तर स्टेंटची आठवण करून द्या. नेटवर्क आणि पूर्वपरवानगी हा वेगळाच जाच. मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅप असेल तर देशात कुठेही मेडिकेअर घेणारा डॉक्टर चालतो. उद्या मुलाकडे दुसऱ्या राज्यात महिनाभर राहून तिथे अँजिओग्राफी करायची झाली तर हा फरक कळतो.

पण माझं मत ज्यावर ठरलं ती गोष्ट वेगळी. पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने, म्हणजे तुमच्या बाबतीत ३० सप्टेंबरपर्यंत, कुठलीही कंपनी तुम्हाला तब्येतीचा एकही प्रश्न न विचारता मेडिगॅप द्यायला बांधील आहे. मधुमेह असो, स्टेंट असो, दर तोच. ही खिडकी मिटल्यावर न्यूयॉर्क किंवा कनेक्टिकट राज्यात मेडिगॅपमध्ये पुन्हा शिरता येतं. न्यू जर्सीत मात्र, काही ठरावीक अपवाद सोडले तर, कंपनी तुमची फाइल मागवून नकार देऊ शकते. ॲडव्हान्टेजमध्ये दरवर्षी जाता येतं, मेडिगॅपकडे परत येणं तुमच्यासारख्याला जवळपास अशक्य. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर कंपनीच्या दारातून दोघांसाठी प्लॅन जी आणि पार्ट डी घेतला असता, आणि मेच्या मध्यापर्यंत हे उरकलं असतं. वय वाढेल तसे मेडिगॅपचे हप्तेही वाढतात, हे धरून चाला. महिन्याचे १३५ डॉलर खरोखरच जड जात असते तर ॲडव्हान्टेज घ्या म्हणालो असतो, पण तोही कंपनीच्याच दारातून. तुमच्या आकड्यांवरून तसं दिसत नाही.

पुण्यात मेडिकेअर चालत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. प्लॅन जीमध्ये परदेशातल्या आणीबाणीसाठी थोडी सोय असते : २५० डॉलरच्या डिडक्टिबलनंतर ८० टक्के खर्च, आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत. मात्र प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलात तर डिसेंबरअखेरीस ही सोय संपते आणि पुढचे तीन महिने उघडे. त्या काळासाठी वेगळा विमा घ्या.

पार्ट बी बंद करायचा विचार मात्र सोडून द्या. पार्ट बी नाही तर मेडिगॅप नाही, ॲडव्हान्टेजही नाही, आणि कुठलाच प्लॅन नाही म्हटल्यावर तुमच्या अटीप्रमाणे एचआरएही नाही. परत घ्यायला जानेवारी ते मार्च एवढीच मुदत, नेमके तेव्हा तुम्ही कोथरूडला. शिवाय पार्ट बीविना काढलेल्या दर पूर्ण १२ महिन्यांमागे हप्त्यावर १० टक्के दंड, आणि तो जन्मभर.

मेहुण्यांचं प्रकरण वेगळं आहे. न्यूयॉर्क शहर पार्ट बीचा हप्ता परत देतं ते शहराच्या कायद्याने. साधा हप्ता आपोआप जमा होतो. इर्माचे पैसे मात्र त्यांनाही दरवर्षी अर्ज करूनच मिळतात, ते सांगायला विसरले असतील. आणि त्यांचंही सगळं सुरळीत होतं असं नाही. २०२१ पासून शहर सुमारे अडीच लाख निवृत्तांना ॲडव्हान्टेजमध्ये ढकलायला बघत होतं, निवृत्तांनी कोर्ट गाठलं, खटले वर्षानुवर्षं चालले आणि २०२५ च्या जूनमध्ये तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांनी तो बेत सोडल्याचं जाहीर केलं. कायद्याचा आधार असून ही गत. तुमच्या खासगी कंपनीच्या माहितीपत्रकात ‘योजना कधीही बदलण्याचा वा बंद करण्याचा अधिकार’ असं वाक्य बहुधा असेल, शोधा. त्यामुळे ३,६०० डॉलर जन्मभर मिळणार असं धरून घरखर्च बसवू नका.

आता एक गंमत. तुम्ही एचआरएकडे पार्ट बीचे पैसे परत मिळवायचं साधन म्हणून बघताय, पण तुमच्याकडे एचएसएही आहे. ६५ नंतर एचएसएमधून पार्ट बीचा आणि पार्ट डीचा हप्ता करमुक्त भरता येतो, मेडिगॅपचा नाही. एचआरएमधून सहसा तिन्ही चालतात. मग जे एचएसएला जमत नाही ते एचआरएच्या गळ्यात घाला : मेडिगॅपचे वर्षाचे ४,५६० डॉलर होतात, त्यात कंपनीचे ३,६०० पूर्ण जिरतात. पार्ट बी एचएसएमधून. फक्त एचआरएची खाती दोघांची वेगवेगळी आहेत का एकत्र, ते बघा; वहिनींचे १,२०० त्यांच्याच हप्त्यापुरते बांधलेले असू शकतात. एकच हप्ता दोन्हीकडून वसूल करायचा नाही. आणि मेडिकेअरचा अर्ज यंदाच केला असेल तर पार्ट ए (मेडिकेअरचा रुग्णालयाचा भाग) सहा महिने मागे जाऊन लागू होतो. त्या महिन्यांत पगारातून एचएसएमध्ये पैसे टाकले असतील तर ते काढून घ्यावे लागतात. सीपीएला हे सांगा.

पैसे परत मिळतात म्हणजे आधी तुम्ही भरायचे, मग पुरावा द्यायचा, मग बँकेत येणार. इथे लोक दमतात. माझ्याकडचे एक काका काजू कतलीच्या रिकाम्या डब्यात सगळी पाकिटं ठेवायचे. त्यांनी बँकेच्या स्टेटमेंटवर पिवळ्या पेनाने रेघ मारून क्लेम पाठवला, नामंजूर. चेकची प्रत पाठवली, नामंजूर. तिसऱ्यांदा माझ्याकडे डबाच घेऊन आले. त्यात तळाशी विमा कंपनीचं पत्र होतं, त्यावर त्यांचं नाव, प्लॅनचं नाव, कोणत्या महिन्यांचा हप्ता आणि किती, हे चारही एकाच पानावर. ते पाठवलं, आठवड्यात पैसे आले. तुमचा क्लेम याच चार गोष्टींवर अडेल किंवा सुटेल. मेडिगॅपच्या बाबतीत बऱ्याच मार्केटप्लेसमध्ये विमा कंपनीच परस्पर कळवते, ती सोय आहे का ते नाव नोंदवतानाच विचारून घ्या.

हप्ते बदलतात जानेवारीत, तुम्ही असता पुण्यात, आणि पत्र पडतं एडिसनच्या पेटीत. म्हणून पार्ट बीसाठी आत्ताच मेडिकेअर ईझी पे (बँकेतून आपोआप हप्ता जाण्याची सोय) लावा, नाहीतर थकलेल्या बिलापायी पार्ट बी रद्द झाल्याचं मार्चअखेर घरी परतल्यावर कळायचं. इथला फोन नंबर पुण्यात वाय-फायवर चालेल अशी सोय करून जा, कारण खात्यात शिरायचा कोड त्याच नंबरवर येतो.

राहिली एक गोष्ट, जी पत्रात नाही. तुमच्या पश्चात वहिनींचे १,२०० डॉलर चालू राहतात का, आणि तुमच्या खात्यात उरलेली शिल्लक त्यांना वापरता येते का? काही कंपन्या देतात, काही महिनाभरात खातं बंद करतात. हे फोनवर विचारू नका. ईमेलने विचारा, आणि आलेलं उत्तर वहिनींना सापडेल अशा ठिकाणी ठेवा.