गुदाशयाच्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर बाईला पूर्वीसारखं जगता येतं का?

येतं, पण वेळ लागतो. माझ्या मावशीचं गुदाशय, गुदद्वार आणि योनीची मागची भिंत काढली. पोटावर डावीकडे शौचासाठी कायमची पिशवी आली. पिशवीची भीती लवकर गेली. अर्धी भरायच्या आत रिकामी करायची, एवढंच. अडलं ते परकराच्या नाडीपाशी, ती नेमकी स्टोमावर, म्हणजे शौचासाठी पोटावर केलेल्या तोंडावर, यायची! म्हणून ऑपरेशनआधीच स्टोमा नर्सकडून बसून, उभं राहून जागेची खूण करून घ्या आणि साडी नेसता हे आवर्जून सांगा.

बसण्याचा त्रास जास्त. खालची जखम भरायला, विशेषतः रेडिएशन झालं असेल तर, महिनोन्‌महिने जाऊ शकतात. मऊ सपाट उशी घ्या, मधे भोक असलेली नको.

आणि जे कुणी विचारत नाही ते: रेडिएशनने पाळी कायमची थांबू शकते, योनी कोरडी, अरुंद होते, संबंधाच्या वेळी दुखतं. वंगण जेल, डायलेटर (योनी अरुंद होऊ नये म्हणून वापरायची गुळगुळीत कांडी) यांचा उपयोग होतो, पण डॉक्टर विषय काढतीलच असं नाही. तुम्हीच काढा, हवं तर नवऱ्याला बाहेर बसवून. मावशीने दीड वर्षाने विचारलं, तेही माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेऊन.