लाल जास्वंदीच्या शिरा फोटोत का हरवतात?

प्रश्न : परसातल्या लाल जास्वंदीवर शिरा आणि चुण्या डोळ्यांना स्वच्छ दिसतात, फोटोत मात्र नुसता लाल डाग येतो. फोकस बरोबर आहे, हिस्टोग्रामही (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या कडेला टेकत नाही. काय चुकतंय? आणि जुने फोटो सुधारता येतील का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : फोटोत लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल वेगळे नोंदले जातात. त्यातला लाल भरून गेलाय, पण तुमचा हिस्टोग्राम ते सांगत नाही. एकरंगी हिस्टोग्राम उजेडाचा असतो. त्याच्या प्रचलित सूत्रात हिरव्याचा वाटा साधारण ५९ टक्के, लालचा ३०च. जास्वंदीत हिरवा-निळा नावालाच, म्हणून लाल २५५ला, म्हणजे कमाल पातळीला, थडकला तरी आलेख मध्येच दिसतो. मेनूतून आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि फक्त लाल आलेख बघा.

मागची गर्द पानं कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवून एक्स्पोजर वाढवतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ पासून सुरू करा. लाल आलेख कडेपासून सुटेपर्यंत खाली या. उन्हात उणे १.३ किंवा त्याहूनही कमी लागतं. फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, काढा. रॉ असला तरी पडद्यावरचा हिस्टोग्राम जेपेगचा असतो, म्हणून पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवा आणि सॅच्युरेशन एक-दोन पायऱ्या उतरवा.

उजेड भाद्रपदातल्या ढगाळ सकाळचा सर्वांत चांगला, तोही बाजूने येणारा; समोरून फ्लॅश मारला की चुण्या सपाट होतात. पाकळीवरची चमक पोलरायझर फिल्टरने जाते, पण त्याने लाल आणखी गडद होतो, तेव्हा आलेख पुन्हा तपासा. खाऱ्या वाऱ्यात फूल हलतंच: एफ/८, १/२५० सेकंद, आयएसओ लागेल तेवढा. फोकस पुढे आलेल्या केसरदांड्यावर नको, पाकळीवर हवा.

बरेच फोटो बिघडतात ते शेवटच्या टप्प्यावर. रॉमधला लाल एसआरजीबीत (वेबवरच्या नेहमीच्या, मर्यादित रंगपटात) मावत नाही आणि एक्स्पोर्ट करताना पुन्हा कापला जातो. सॉफ्ट प्रूफिंग (एक्स्पोर्टनंतर रंग कसे दिसतील ते आधीच दाखवणारी सोय) चालू करून फक्त लालचं सॅच्युरेशन शिरा दिसेपर्यंत कमी करा, बहुधा १० ते २० पुरतं. सगळ्या फोटोचं करू नका, पानं मरतात.

जुन्या जेपेगमध्ये हिरवा चॅनेल वेगळा उघडून बघा. शिरा बहुतेक वेळा तिथे शाबूत असतात. तो चॅनेल वेगळ्या लेयरवर घ्या, ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी (रंग तोच, फक्त उजेड बदलतो), ओपॅसिटी २०-३० टक्के. हिरवाही शून्यावर गेला असेल तर त्या फोटोत काढण्यासारखं काही उरलेलं नाही. फूल पुन्हा टिपा.